चौथा बोल्ट

पत्रक लिहायचा पहिला धडा आम्हाला संघटनेत असा दिला होता : आरोप पहिल्या ओळीत, पुरावा दुसऱ्या ओळीत, तिसऱ्या ओळीपर्यंत वाचणारा चहाकडे वळलेला असतो, म्हणून तिथे मोलाचं काही ठेवायचं नाही. तीच सवय अजून आहे. तेव्हा आरोप : मी माझ्या वहिनीवर जळत होते. थोडंथोडकं नाही, पोटात कोळसे ठेवल्यासारखी जळत होते. आणि ते जळणं मला इतकं लाजिरवाणं वाटत होतं, की मी त्याला तत्त्वाचा अंगरखा घालून भर मैदानात उभं केलं. पुरावा पुढे येतो आहे. तिशीत बसून आपल्या विशीबद्दल लिहिणं हा आगाऊपणा आहे, हे आईने मला आधीच सांगितलंय. पण म्हातारपणी लिहायला घेतलं असतं, तर मी हे सगळं गोड करून टाकलं असतं. आत्ता अजून कडू आहे, तोवर लिहिते.

आमचं घर ग्वाल्हेरच्या नया बाजारात, दुकानांच्या वर. सकाळी जाग यायची ती शटरच्या आवाजाने. एक वर गेलं की रांगेने सगळी वर जायची. मग खालच्या कचोरीवाल्याची कढई, मग आईचा कुकर, आणि या सगळ्यांवर बाबांचं स्कूटरला किक मारणं. बाबांचं गॅरेज जयेंद्रगंजात. आमचे पूर्वज दख्खनेतून तोफखान्याबरोबर इकडे आले. तोफा गेल्या, संस्थान गेलं; उरलं ते लोखंडाचं वेड आणि थोडी मराठी. ती मराठीही आता अशी झालीय की आई पानावर वाढता वाढता म्हणते, "मीठ कमी असेल तर बताव हां, लाजू नको." बाहेर हिंदी, घरात मराठी, आणि भांडणात जे आधी सापडेल ते. मला त्याची कधी लाज वाटली नव्हती. ती वहिनी आल्यावर वाटली, तेव्हा तोही पुरावा समजा.

आता गाडी. गॅरेजच्या मागच्या भिंतीला, ताडपत्रीखाली, एक विलायती उघडी गाडी होती. बाटलीसारखा हिरवा रंग, मगरीसारखं लांब नाक, आणि सीटा दोनच. दोनच, हे ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्या दोन सीटांवरून झालं. आजोबा एका सरदार घराण्याकडे ड्रायव्हर होते. ते लोक देश सोडून गेले तेव्हा जाताना ही गाडी आजोबांना देऊन गेले. बाबा विशीत असताना एका मे महिन्यात त्यांनी ती झाशीच्या रस्त्यावर पळवली. इंजिन तापलं, वाफ आली, आणि बाबांनी घाबरून जवळची सुरई त्या तापलेल्या लोखंडावर ओतली. काकडी मोडल्यासारखा आवाज आला, असं ते सांगायचे. इंजिनाचा ब्लॉक फुटला. गाडी बैलगाडीला बांधून घरी आली. आजोबा काही बोलले नाहीत. मरेपर्यंत त्या गाडीविषयी एक शब्द बोलले नाहीत. आमच्या घराण्यात पुरुष दुखावले की गप्प बसतात आणि बाकीचे त्याला भारदस्तपणा म्हणतात. मी त्याला भित्रेपणा म्हणते. तेव्हाही म्हणत होते.

मी लहानपणापासून गॅरेजात पडलेली असायचे. दादाला ग्रीसचा वासही सहन व्हायचा नाही. तो पुढे बँकेत लागला आणि शिवपुरीला गेला, शनिवारी यायचा. मी मात्र शाळेतून थेट जयेंद्रगंज. बाबा गाडीखाली आणि त्यांचा हात बाहेर. त्या हातात काय द्यायचं ते मला न सांगता कळायचं. मी बारा वर्षांची असताना त्यांनी एका दुपारी ताडपत्री काढली आणि म्हणाले, "चल, फुटकं इंजिन उतरवून टाकू. निदान आत काय झालंय ते बघू." इंजिन चार बोल्टांवर उभं होतं. तीन त्यांनी खोलले. चौथा, पुढचा डावीकडचा, माझ्या हाती दिला. चौदा-पंधराचा पाना लावून मी जोर केला, हलेना. मग त्या पान्यावर दोन्ही पायांनी उभी राहून उडी मारली. कर्रर् करून बोल्ट सुटला आणि मी ढोपर फोडून घेतलं. बाबांनी ढोपराकडे पाहिलंच नाही, बोल्ट उचलून पुसला आणि गजकच्या, आमच्याकडच्या तिळाच्या मिठाईच्या, रिकाम्या डब्यात टाकला. "हा आता तुझा," ते म्हणाले. "इंजिन बसेल तेव्हा तूच कसायचा."

हा त्यांच्या गॅरेजचा कायदा होता : ज्यानं खोललं, त्यानंच कसायचं. कारण विचारलं की म्हणायचे, बोल्ट किती घट्ट होता ते फक्त खोलणाऱ्या हाताला माहीत असतं. गॅरेजातल्या मिस्त्र्यांनाही हा कायदा लागू होता. एखादा सुट्टीवर गेला तर त्याने खोललेली चाकं तो येईपर्यंत तशीच पडून राहायची, गिऱ्हाईक तणतणायचं, बाबा ढिम्म. आणि त्याच दुपारी त्यांनी दुसरंही एक वाक्य टाकलं होतं. "सुरू झाली ना ही, की बाजूच्या सीटवर पहिली तू."

पुढे मी कॉलेजात गेले आणि विद्यार्थी संघटनेत शिरले. पहिलं पत्रक बाड्यावरचं. दिवसभर महाराज बाड्यावर, त्या बाजाराच्या चौकात, साड्या, भांडी, लग्नाचा बस्ता घेत हिंडणाऱ्या बायकांनी लघवीला जायचं कुठे, हा एवढाच प्रश्न. मी लिहिलं, 'सवाल यह है कि औरत घर से निकले तो क्या पानी पीना छोड़ दे?' लोकांनी ते वाचलं, दुकानदारांनी भिंतीवर लावलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की शब्दालाही चौदा-पंधराचा जोर असतो. त्यानंतर सण सोडला तर मी गॅरेजात गेले ती फक्त पत्रकांचे गठ्ठे ठेवायला.

आमच्याकडे खंडेनवमीला गॅरेजात हत्यारं पूजेला बसतात. आधी पूर्वजांची एक गंजकी तलवार, मग बाबांचे पाने, हातोड्या, जॅक, आणि घरातला प्रत्येक जण आपलं म्हणून एक हत्यार ठेवतो. आईची विळी, दादाचं बँकेचं पेन. ती बसली की दसऱ्याला संध्याकाळी सोनं लुटून येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, काही झालं तरी. मी लहानपणापासून तो पाना ठेवत आलेले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी तिथे पत्रकाची एक प्रत ठेवली.

"आणि पाना?" बाबांनी विचारलं.

"माझं हत्यार आता हे आहे, बाबा."

"दोन ठेवता येतात की गं."

"माणसाने एक ठरवायला पाहिजे," मी म्हणाले. मी तेव्हा अशीच बोलायचे. बाबांनी पाना उचलून खिशात घातला आणि हळदकुंकवाची वाटी पुढे सरकवली.

त्या हिवाळ्यात दादाचं लग्न झालं. राजश्रीवहिनी कोल्हापूरची. दादा शनिवारचा पाहुणाच राहिला, ती मात्र आमच्याकडे राहायला आली. वडिलांची फाउंड्री, शिक्षण मशीनचं, हात माझ्यापेक्षा खरखरीत. चौथ्याच दिवशी ती गॅरेज बघायला आली, साडीचा पदर खोचून ताडपत्रीखाली वाकली, बॅटरी मारली आणि आतूनच बोलली, "मामा, ब्लॉक गेलाय वो. टाके घालून काय उपयोग न्हाई." ती बाबांना मामा म्हणायची, त्यांच्याकडे सासऱ्याला तेच म्हणतात. निदान 'बाबा' तरी माझ्यासाठी सोडलं, असं मला वाटल्याचं आठवतं.

"याचं इंजिन आता कुठे मिळणार," बाबा म्हणाले.

"ह्याचंच कशाला पाहिजे? दुसरं बसवू की."

बाबा तिच्याकडे बघून हसले. कौतुकाने. आता ऐका : हेच वाक्य मी पंधराव्या वर्षी म्हटलं होतं. अक्षरशः हेच, फक्त शेवटी 'की' नव्हता. तेव्हाही ते हसले होते. पण तेव्हाचं हसू वेगळं होतं, पोराने चंद्र मागितल्यावर हसतात तसलं. त्या एका मिनिटात मी मूळ इंजिनाची कट्टर समर्थक झाले. त्याआधी मला त्या मूळ इंजिनाविषयी काडीचं प्रेम नव्हतं.

मग गॅरेजचा चेहराच बदलला. मागून ठोकलेल्या एका टॅक्सीचं इंजिन वहिनीने शोधून काढलं. धडधाकट, पण अगदी साधं, लोकांनी पुढे-मागे बसून ओकाऱ्या काढलेल्या टॅक्सीचं. ते साखळीला टांगलं आणि रोज दुपारी दोघं त्याला गाडीच्या पोटात उतरवून बघायची. कधी तेलाचं चेंबर खालच्या आडव्या पट्टीला लागायचं, कधी पंखा रेडिएटरला. पुन्हा वर. विलायती गिअरबॉक्स आणि देशी इंजिन यांची तोंडं जुळेनात, तेव्हा वहिनीने मध्ये बसवायला लोखंडाची जाड पाटी आखली आणि लेथवर स्वतः उभी राहून कापून घेतली. जेवताना दोघांचं तेच चालायचं. बाबा आमटीच्या वाटीत बोट बुडवून ताटात नकाशा काढायचे आणि वहिनी चटणीचा ठिपका देऊन म्हणायची, "हितं भोक." आई म्हणायची, "अगं, जेवून घ्या आधी, निवून राहिलंय." कोणी ऐकायचं नाही. रविवारी वहिनीने तांबडा रस्सा केला की बाबा, ज्यांना कालपर्यंत हिरवी मिरची चालत नव्हती, डोळ्यांतून पाणी काढत तिसऱ्यांदा वाढून घ्यायचे. एकदा मी म्हणाले, "मी चहा बनवते." वहिनी हसून म्हणाली, "चहा करतात वन्सं, बनवतात ती माणसांना." सगळे हसले. बाबा सगळ्यांत मोठ्याने. त्यानंतर पंधरा दिवसांत बाबा "बघा की" म्हणायला लागले. ग्वाल्हेरात दोन-अडीचशे वर्षं काढलेल्या घराण्याचा माणूस, तीन महिन्यांच्या सुनेमुळे "बघा की" म्हणतो!

आणि कडी म्हणजे गॅस्केटं. लोखंडाच्या दोन तोंडांमध्ये जो कागदाचा थर बसवतात, त्याचा आकार काढायला मिस्त्री साधा कागद तोंडावर धरून कडेने हातोडी ठोकतो. छाप उठतो, मग तसं कापायचं. एका दुपारी मी गॅरेजात गठ्ठा न्यायला गेले, तर बाबा पाण्याच्या पंपावर माझं पत्रक धरून ठोकत होते. 'सवाल यह है कि' यातल्या 'सवाल'वर बोल्टाचं भोक पडलेलं.

"हे काय चाललंय?"

"उरलेली होती ना गं," बाबा म्हणाले. "कागद वाया कशाला घालवायचा."

"त्यात बायकांचा प्रश्न आहे, बाबा!"

"म्हणूनच जपून कापायलोय," वहिनी म्हणाली. आज मला ते वाक्य आठवलं की हसू येतं. तेव्हा मी गठ्ठा उचलला आणि दार आपटून निघाले, आणि दार शटरचं असल्यामुळे ते नीट आपटलंही नाही.

पावसाळा संपता संपता इंजिन बसलं. दसऱ्याच्या सकाळी मेळ्याच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं संमेलन होणार होतं, आणि बाबांनी नाव दिलं होतं. त्या आठवड्यात त्यांनी मला तीनदा बोलावलं. पहिल्यांदा म्हणाले, "येऊन जा गॅरेजला, एक बोल्ट आहे." मी म्हणाले, बघते. दुसऱ्यांदा म्हणाले, "पाना फिरवायचाय फक्त." मला वाटलं, सगळी इमारत बांधून झाल्यावर मंत्र्याला फीत कापायला बोलावतात तसं हे मला बोलावतायत. तिसऱ्यांदा अष्टमीला. मी पायऱ्या उतरत होते, ते चढत होते.

"अनू, उद्या हत्यारं बसतील. आजच ये."

"मला मीटिंग आहे."

"पाच मिनिटं लागतील."

"वहिनी आहे ना तुमची."

ते जिन्यात कडेला सरकले, मला जायला जागा दिली. भांडले असते तर बरं झालं असतं.

मीटिंग नव्हती. मी छापखान्यात गेले. दुसऱ्या दिवशी नवमी, छापखानेवालाही मशीनला हार घालून बसणार, म्हणून त्याच दुपारी लिहून त्याच संध्याकाळी छापून घेतलं. मथळा : 'विरासत के नाम पर धोखा!' खाली असं, की शहरात काही लोक टॅक्सीचं इंजिन घालून जुन्या गाडीचा मान लुटायला निघालेत, प्रेक्षकांपासून हे लपवलं जातंय, आणि 'सवाल यह है कि जिसका दिल किराए का हो, उसे ख़ानदानी कौन कहे?' बाबांचं नाव घातलं नाही. हिरव्या दोन सीटांच्या गाडीचं वर्णन मात्र इतकं बारीक केलं, की आंधळ्यालाही ओळखू यावी. संघटनेला विचारलं नाही. 'लपवलं जातंय' याचा पुरावा माझ्याकडे काय होता? काही नाही. दुसरी ओळ मी पहिल्यांदाच रिकामी सोडली होती.

दसऱ्याच्या सकाळी मी फाटकापाशी पत्रकं वाटत उभी. गाड्या हार घालून एकेक येत होत्या, मुंडावळ्या बांधलेल्या म्हाताऱ्या नवरदेवांसारख्या. आमची गाडी आली ती आधी ऐकू आली. इंजिनचा आवाज मऊ, पण त्याखाली एक खट्-खट्, खट्-खट्. खड्डा आला की मोठी. बाबांनी आजोबांची खाकी टोपी घातली होती. बाजूच्या सीटवर वहिनी, डोक्याला रुमाल, मांडीवर झेंडूचा हार, चेहरा असा की तिलाच कुणी नारळ देऊन ओवाळतंय. बारा वर्षांच्या मुलीला कबूल केलेली सीट. माझ्या शेजारी एक गृहस्थ पत्रक वाचत होते; मी मोठ्याने म्हणाले, "सुनिए, कैसी खटक रही है. दूसरे का दिल है, बैठेगा कैसे?" दोघं-तिघं हसले. हसणं पसरलं. मोबाइल वर आले.

संयोजकांपैकी एक जण पत्रक हातात घेऊन गाडीपाशी गेला. "भाईसाहब, ज़रा बोनट खोलेंगे?"

बाबांनी उतरून बोनट उघडलं. "इंजन बदला हुआ है," ते सरळ म्हणाले. "फ़ॉर्म में लिखा है. बदली हुई गाड़ियों की लाइन अलग रखी थी आपने, उसी में लगानी थी."

त्या माणसाने टेबलावरचा फॉर्म शोधून आणला. मी तीन हातांवर होते. बाबांचं अक्षर मला दुरूनही ओळखू येतं, मोठं, शाळेतल्यासारखं. इंजन : टैक्सी का. क्यों : असली मेरी ग़लती से फूटा. एवढंच लिहिलं होतं. कुणी काही लपवलं नव्हतं. बदललेल्या गाड्यांची वेगळी रांग आहे हे मी विचारलंही नव्हतं.

"वो तो ठीक है," संयोजक म्हणाला, "पर अब लोग हल्ला कर रहे हैं. त्योहार का दिन है, बेकार विवाद… आप इस बार रहने दें."

बाबांनी त्याच्या हातातलं पत्रक मागितलं. उन्हात धरून वाचलं. 'सवाल यह है कि'पाशी त्यांचं बोट थांबलं. मी जेवताना मीठ मागायलाही तसंच सुरू करते, असं आई म्हणते. त्यांनी मान वर करून मला शोधलं नाही. मी कुठे आहे ते त्यांना माहीत असावं. त्यांनी कागदाची चार घड्या घातल्या, खिशात ठेवला आणि म्हणाले, "चल, राजश्री." गाडी वळली. खट्-खट्, खट्-खट्, फाटकाबाहेर जाईपर्यंत. मी जिंकले होते. तो जिंकण्याचा आनंद किती टिकला ते सांगते : हातातली पत्रकं खाली ठेवायला जागा शोधेपर्यंत.

दुपारी पानात बासुंदी होती. आई वाढताना फक्त "हूं?" म्हणायची. बाबा जेवले, हात धुतले आणि गॅरेजात निघून गेले. मी गच्चीवर गेले. मागोमाग वहिनी आली. मला वाटलं समजूत घालेल. पण ती कोल्हापूरची होती.

"मला शिव्या घालायच्या होत्या ना? तोंडावर घालायच्या. मी काय पळून जाणार होते?"

"तुम्हाला काही नाही म्हटलं मी. तत्त्वाचा प्रश्न—"

"गप बसा वन्सं. बाप म्हंजे काय रेशनचं दुकान हाय? माझा नंबर लागला की तुमचं संपलं?"

तीन वर्षं पत्रकं लिहीत होते, पण इतकं नेमकं वाक्य मला एकदाही जमलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचाही मला हेवा वाटला.

"ती खटखट कशाची होती, म्हाईत आहे?" तिने विचारलं. "इंजिनची न्हवती. पुढचा डावा बोल्ट. तीन मी आणि मामांनी कसले. चौथा नुसता हाताने फिरवून ठेवलाय. मी दहांदा म्हटलं, मामा, मी कसते. न्हाई म्हणाले. ज्यानं खोललं त्यानंच कसायचं. काल तर पानेच पूजेला बसले. मी म्हटलं उचलू का एक, देवीची माफी मागते. तर म्हणाले, हळू चालवू, तीन बोल्टांवर मैदानापर्यंत जाईल, संध्याकाळी ती येईल." तिने पदर पुन्हा खोचला. "तुम्ही हसत होता न्हवं त्या खटखटीला? ती तुमचीच होती."

आता बाहेरून बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. इंजिनचा एक बोल्ट ढिला ठेवून भर बाजारातून गाडी नेणारा मिस्त्री, आणि का, तर मुलीने आठ वर्षांपूर्वी तो खोलला होता आणि पाना देवीपुढे होता! मलाही तो वेडेपणाच वाटतो. सुरक्षेवर मी नंतर दोन पत्रकं लिहिली आहेत. पण त्या गच्चीवरून मी सोन्यासाठी शमीची पानं आणायला उतरले.

संध्याकाळी शमीची पानं घेऊन मी जयेंद्रगंजला गेले. बाबा आधीच सोनं लुटून आलेले, गॅरेजात खुर्ची टाकून बसले होते. हत्यारं पाटावर तशीच मांडलेली, झेंडू सुकत आलेला. माझ्या जुन्या जागेवर, तलवारीच्या उजवीकडे, चौदा-पंधराचा पाना होता. त्यावर हळदकुंकू होतं. यंदा मी काहीच ठेवलं नव्हतं, नवमीला तिकडे फिरकलेच नव्हते; तो कोणी ठेवला हे मी विचारलं नाही.

मी पानं त्यांच्या हातावर ठेवली आणि वाकले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण लगेच काढला.

"माझे वडील कधी बोलले नाहीत," ते म्हणाले. "तीस वर्षं मी वाट बघितली, की ओरडतील. नाही ओरडले. म्हणून मी बोलून टाकतो. मला लागलं, अनू. फार लागलं."

"बाबा, मी—"

"तापलेल्यावर थंड पाणी ओतलं की फुटतं. हे तुला मी शिकवलं होतं."

आमच्या घराण्यात एवढं बोललेला तो पहिला पुरुष. मी रडले की नाही ते इथे लिहीत नाही. नाक चोंदलं होतं, एवढं खरं. मग त्यांनी पाटावरचा पाना उचलला, कुंकू न पुसता माझ्या हातात दिला आणि बोनट उघडलं. बोल्ट जागेवर होता. तो विलायतीही नव्हता, हे मला तेव्हा समजलं. आजोबांनी कधीतरी मूळचा बदलून साधा देशी घातलेला; विलायती मापाच्या बोल्टाला चौदा-पंधराचा पाना बसलाच नसता. मी ज्या असलीपणासाठी मैदान पेटवलं, तो माझ्या जन्माच्या आधीच संपला होता. मी पाना लावला आणि कसत गेले. थांबले.

"अजून पाव," बाबा म्हणाले.

पाव फेरा दिला. लोखंड लोखंडाला बसलं, ते मनगटाला कळलं. वहिनी तोवर शटरपाशी येऊन उभी राहिली होती. बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन बोललं आणि त्याखाली काही नव्हतं. नुसतं इंजिन, टॅक्सीचं, साधं, शांत.

"बसा की आता, कुणाची वाट बघताय," वहिनी म्हणाली.

इथे मी मोठ्या मनाने तिला पुढे केलं, असं लिहायला मला आवडलं असतं. मी बसले. लगेच बसले. वाऱ्यात जयेंद्रगंजातून बाड्यापर्यंत गेलो, दसऱ्याच्या गर्दीत अडकलो, लोक पानं वाटत होते, एकाने आमच्याही हातावर ठेवली. सीटवर तिच्या हारातले झेंडू चुरडलेले होते आणि मला त्यांचाही थोडा राग आला. मत्सर एका बोल्टाने सुटत नाही. फक्त त्याची खटखट थांबते.

पण पत्रक खोटं होतं, आणि खोटं जिथे वाटलं तिथेच खरं वाटावं लागतं, हा दुसरा धडा. मी नवीन पत्रक छापलं, नावासकट : 'मैंने झूठ लिखा.' पहिल्या ओळीत आरोप माझ्यावर, दुसऱ्या ओळीत पुरावा बाबांचा फॉर्म. माफी पातळ कागदावर नको, म्हणून जाड कागद घेतला. तीन दिवस बाड्यावर आणि मेळ्याच्या मैदानापाशी एकटीने वाटलं. संघटनेतल्या काहींनी मला घरचं भांडण रस्त्यावर आणणारी ठरवलं. बरोबर ठरवलं.

उरलेला गठ्ठा मी गॅरेजात ठेवायला गेले. बाबांनी एक कागद काढून अंगठा आणि बोटात चोळून पाहिला, उजेडासमोर धरला, वहिनीला दाखवला.

"चांगला आहे हा," ते म्हणाले. "पाणी धरेल."

आणि त्यांनी तो पाण्याच्या पंपावर ठेवून कडेने हातोडी ठोकायला सुरुवात केली. छाप काढायला नाही. या वेळी त्याचंच गॅस्केट कापलं, दोन्ही बाजूंनी ग्रीस चोपडलं आणि बसवलं. पंपाचे चार बोल्ट मी कसले. त्याला आता दहा वर्षं होत आली. अजून एक थेंब गळलेला नाही.